पाचव्या पिढीतलं नाव

—एकच नाव हो, अक्साकाल! एकच मागतोय मी, सबंध वंशावळ बदला असं कुठे म्हणतोय? माझ्या घराचे सात बाप तुम्ही म्हणायचे, त्या बेक्तेमिरच्या घराचे सात म्हणायचे, आणि पाचव्या नावाशी आलात की जरा थांबायचं—दाढीवरून हात फिरवायचा, तुम्ही एरवीही फिरवताच—आणि म्हणायचं, "अरेच्चा, इथे तर दोघांचा बाप एकच निघाला की!" झालं. संपलं. सात पिढ्यांच्या आत बाप एक निघाला की लग्न नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. कुणाचा अपमान नाही, कुणाचा शब्द गेला नाही, देवानेच मोडलं म्हणतील लोक. परवा त्यांच्या गाड्या दारात उभ्या राहतील, रिवाजाप्रमाणे पांढऱ्या दाढीचा वडीलधारा म्हणून तुम्हाला मधोमध बसवतील आणि म्हणतील, कोझाबेक अक्साकाल, म्हणा दोन्हीकडची नावं—आणि या सबंध माळावर असा एक माणूस दाखवा मला, की जो तुमच्या तोंडच्या नावाला हरकत घेईल. कागद खोटा निघतो हो, शिक्के खोटे निघतात, शिक्के तर मीच किती मारलेत—पण तुमचं तोंड खोटं निघालं असं कधी कुणी ऐकलेलं नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. घ्या, हा मलईचा चहा घ्या आधी, एवढ्या चिखलातून घोडा दामटत आलात या वयात.

मुलगा वाईट आहे का, म्हणता? नाही. छे छे. बेक्तेमिरचा येर्नार वाईट नाही, खोटं कशाला बोलू—जरा तोतरं बोलतो, कबुतरं पाळतो, बापासमोर मान वर करत नाही. माझ्या पोरीला, काम्शातला, न शोभणारा आहे असंही नाही. पण ती शिकतेय ना! जनावरांची डॉक्टर होतेय, एकच वर्ष राहिलंय. गेल्या वसंतात शेजाऱ्याची घोडी अडली तेव्हा खांद्यापर्यंत हात आत घालून शिंगरू ओढून काढलं तिने, बाप्ये लोक नुसते टोप्या हातात घेऊन उभे—आणि बाहेर आल्यावर मला म्हणते कशी, "बाबा, रडताय काय, जिवंत आहेत दोघं." असं पोर आहे ते. आई गेल्यावर मीच वाढवली, वेण्यासुद्धा मीच घातल्या, वाकड्यातिकड्या घातल्या पण घातल्या. आणि हे पोर मी बेक्तेमिरच्या घरात टाकू? त्या माणसाच्या?

सोयरीक केलीच कशाला मग—हे विचारणार तुम्ही, ठाऊक होतं मला. अहो, मी केली नाही! हेच तर! हसावं की रडावं तेच कळत नाही. ऐका. मॉस्कोचं राज्य गेलं आणि आमचं गोदाम इथेच राहिलं, हे तर तुम्हाला माहीतच आहे—ती तारांची कुंपणं, तो दारूगोळा, आणि त्याच्यावर मी. पगार म्हणून काय मिळायचं? एका हिवाळ्यात रबरी बूट मिळाले, सगळे डाव्या पायाचे. मग बेक्तेमिर आला. बेक्तेमिर काय विकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणालाही ठाऊक नाही. म्हणायला ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. ज्या देशात नांगरायला माणूस उरला नाही, जाळपोळ चाललीय, तिथे हा ट्रॅक्टरचे सुटे भाग पाठवतो! तर तो आला मागच्या महिन्यात, बरोबर दोन माणसं, स्वच्छ टोप्या, गाडीतून एक मेंढा उतरवला भेट म्हणून. आणि पायाकडे बघाल तर एक विजारीचा पाय बुटात खोचलेला आणि दुसरा बाहेर लोंबतोय.

बघा, तुम्हीसुद्धा हसलात! तेच. मागणी घालायला येणारा माणूस असाच येतो ना—एक पाय आत, एक बाहेर, तोंडाने काही बोलायची गरजच नाही. माझ्या म्हाताऱ्या आईने खिडकीतून ते पाहिलं. कानाने ठार बहिरी, पण डोळे अजून ससाण्याचे. मी तिकडे त्या लोकांशी पेट्या, रेल्वेचे डबे, बंदर असलं बोलत बसलोय आणि ही स्वयंपाकघरात मेंढा सोलायला लावून शेपटीची चरबी आणि कलेजी शिजवतेय! मोठ्या घरची मागणी आलीय, हातची जाऊ नये, म्हणून सगळे टप्पे एका दुपारी उरकले तिने. व्याह्यांनी एकमेकांना भरवून सोयरीक पक्की करायचं ते ताट आणून पुढे ठेवलं. आणि मी—माझं डोकं पेट्यांत, अक्साकाल, शप्पथ, मी ताटाकडे पाहिलंच नाही—मी चरबीचा तुकडा कलेजीच्या तुकड्यावर ठेवला आणि भरवला त्याला, त्याने मला भरवला, दोघांनी बोटं चाटली. चव छान होती, म्हणून आणखी एकेक खाल्ला. तेवढ्यात म्हातारी आली आणि वरून ओंजळभर गोळ्या-बिस्किटं उधळली, "मंगल असो, मंगल असो!" एक गोळी लागली बेक्तेमिरच्या कपाळावर आणि त्याचा हात गेला सरळ बुटात—पिस्तूल होतं हो तिथे! म्हणून तो विजारीचा पाय बाहेर होता! पिस्तूल पटकन काढता यावं म्हणून! आणि आमची म्हातारी त्या पिस्तुलासमोर उभी राहून आणखी बिस्किटं उधळतेय.

मला वाटलं, आता हा मारतो आम्हाला सगळ्यांना. पण त्याने ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतका हसला, इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, "तोलेगेन, आपण तर व्याही झालो की रे!" मी म्हटलं, अहो, म्हातारीची चूक झाली, माफ करा. तर म्हणतो, "चूक कसली? जावई शंभर वर्षांचा, व्याही हजार वर्षांचा. मला धंद्यात असा माणूस कधीपासून हवा होता—व्याही कधी पोलिसात जात नाही." आणि मग पाठीवर थाप मारून गोष्ट सांगितली, त्याच्या आधीच्या भागीदाराची. त्यांचं काहीतरी बिनसलं म्हणे, आणि मग तो भागीदार बाल्काशच्या तळ्यात सापडला. "मासे पकडायला गेला होता बिचारा," म्हणाला. सूट-बूट-टाय घालून मासे पकडायला! आणि सांगतोय असा, की जसं काही पावसापाण्याबद्दल बोलतोय.

नाही, नाही म्हणून बघितलं ना मी! दुसऱ्या दिवशी काम्शातलाच पुढे केलं, म्हटलं, पोरगीच तयार नाही असं सांगू. तिला म्हटलं, तू फक्त नाही म्हण, बाकी मी बघतो. तर ती माझ्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांच्या हातून खाल्लंत. तुमचा शब्द गेला म्हणून लोक तोंडावर थुंकतील तुमच्या. जाते मी. कबुतरं पाळणारा आहे ना, मारणार तर नाही." असं म्हणाली आणि गोठ्यात गेली. आता सांगा, मी काय करू? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. झोप उडालीय माझी. उशीवर डोकं ठेवलं की बाल्काशचं तळं दिसतं.

तेच तर कारण, दुसरं काय असणार? शिक्षण आहे, तो माणूस वाईट आहे, दूर गाव आहे—पुरेसं नाही का? ... असे नका बघू माझ्याकडे, अक्साकाल. तुम्ही गप्प बसून असे बघता ना, की माणसाला वाटतं आपल्या पोटातलंसुद्धा दिसतंय यांना. ... दुभती घोडी देईन म्हटलं ना मी, ती तांबडी, शिंगरासकट. ... घोडी नको? मग काय हवं? खरं हवं? खरं ऐकून काय करणार हो, खऱ्याने कधी कुणाचं पोट भरलंय?

बरं. ऐका. पण हे या भिंतींच्या बाहेर जायचं नाही. तुमच्यासारखा माणूस आहे म्हणून सांगतो, दुसऱ्या कुणाला जीव गेला तरी सांगितलं नसतं. माल नव्हता. गोदामात माल नव्हताच! खांद्यावरून मारायची ती रॉकेटं, ती बेक्तेमिर यायच्या आधीच गेली होती—दक्षिणेकडचे लोक आले होते दोन हिवाळ्यांपूर्वी, थोडी थोडी करून नेली, आणि मी रिकाम्या पेट्यांत काय भरणार? वजन तर दिसायला हवं ना तपासणीला! पोरांच्या उन्हाळी शिबिराचे लोखंडी पलंग पडले होते गंजत. त्यांचे पाय कापले आणि भरले. पलंगाचे पाय, अक्साकाल! वरच्या रांगेत तेवढ्या खऱ्या पेट्या ठेवल्या होत्या, कुणी उघडल्याच तर दाखवायला. मी बेक्तेमिरला सांगणारच होतो—देवाशप्पथ—की बाबा रे, थोडाच माल आहे, वरची रांग ने आणि जा. पण म्हातारीने ती चरबी खाऊ घातली! दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामात आलो, त्याच्या माणसाने खालची पेटी उघडायला पहार उचलली, आणि बेक्तेमिर त्याच्यावर खेकसला: "लाज नाही वाटत? व्याह्याचा माल तपासतोस? खाली ठेव ती पहार. सगळं भरा डब्यात." आणि मी उभा. नुसता उभा. तोंड उघडलं असतं तर तेव्हाच सुटलो असतो, दोन शिव्या खाल्ल्या असत्या, फार तर एक दात पडला असता. पण तो माणसांसमोर माझी इज्जत राखत होता हो! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी म्हणालं की याचा माल तपासायचा नसतो. गप्प बसलो. गाडी निघून गेली बंदराकडे.

आता ते सगळं जहाजावर आहे. समुद्रात. कुठल्यातरी किनाऱ्यावर उतरणार, उघड्या अंगाची, उपाशी पोरं बंदुका घेऊन वाट बघत असणार, पेटी फोडणार—आणि आत पलंगाचे पाय. एका परीने पुण्यच की हो ते! पलंग बांधतील, झोपतील, जगातली एक लढाई कमी होईल. ... हसू नका. मी रोज स्वतःला हेच सांगून हसवतो आणि मग जहाजाचे दिवस मोजत बसतो. कारण ते लोक बेक्तेमिरला विचारणार, आणि बेक्तेमिर मला. मला विचारू दे, माझं झालं जगून, मी सूट घालून जातो मासे पकडायला. पण त्या वेळी काम्शात त्याच्या घरात असली तर? त्याच्या चुलीपाशी, त्याच्या दाराच्या आत? तो माझ्याकडे येणारच नाही हो—कशाला येईल? आधी तिच्याकडे वळेल! तिला ठेवेल समोर आणि मला निरोप धाडेल. जहाज किनाऱ्याला लागायच्या आत पोरगी यातून सुटली पाहिजे, अक्साकाल, एवढंच. माझ्यासाठी काही मागत नाही मी.

हो, मला कळतं—पाचव्या पिढीत बाप एक निघाला तर बेक्तेमिर माझा भाऊ होईल. व्याही तो व्याही, वर भावकी! मग हजार वर्षांनीसुद्धा सुटका नाही माझी. आगीतून फुफाट्यात. चालेल! होऊ दे भाऊ. भाऊ भावाला मारतो, हे काय नवीन आहे? पण भावाच्या घरात पोरगी नांदायला जात नाही. तेवढंच हवंय मला. नाव मी शोधूनही ठेवलंय—तुमच्याइतकं नाही पण थोडं मलाही येतं. माझ्या चौथ्या बापाला एक धाकटा भाऊ होता, दुष्काळात चीनकडे गेला, परत आलाच नाही. त्याला बेक्तेमिरच्या घराण्यात आणून बसवा. मेलेला माणूस, त्याला काय फरक पडतो कुठे बसवलं तर? ... उठताय का? उठताय का, अहो? चहा तसाच राहिला. मी काही चुकीचं बोललो का?

काय म्हणालात? ... मोठ्याने बोला जरा. ... भाचा? कोण भाचा? ... बेक्तेमिर? तुमचा? ... नाही हो. चेष्टा करताय. तुमच्या घरातून त्यांच्याकडे कोण गेलंय? तुमचे सात बाप मला पाठ आहेत, त्यांचे सात पाठ आहेत, कुठेच गाठ पडत नाही तुमची. ... कुल्यान? कोण कुल्यान? ... तुमची बहीण. सख्खी. ... बेक्तेमिर तिचा? धाकटा?

अरे देवा.

नाही, थांबा, मला समजू द्या. मग मघाशीच का नाही सांगितलंत? मी तोंड उघडलं तेव्हाच का नाही—... मी बोलूच दिलं नाही. हो. खरं आहे. तुम्ही दारातच काहीतरी सांगायला लागला होता आणि मी तुमचा हात धरून आत ओढलं. विचारलंच नाही मी. सगळ्यांचे बाप विचारत फिरलो, बापाचा बाप, त्याचा बाप, आणि तुमच्याकडची कुठली पोर कुठे दिलीय हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. कसं येणार? तुमच्या त्या एवढ्या मोठ्या वंशावळीत, अक्साकाल, शेकडो नावं, घोड्यांचीसुद्धा नावं आहेत त्यात—पण बाई एक नाही. तुमची सख्खी बहीण त्यात नाही! उद्या माझी काम्शातही कुणाच्या वंशावळीत असणार नाही. आणि मी जाऊन माझ्या मानेचा दोर कुणाच्या हातात दिला? मामाच्या! मामा भाच्याला नाही म्हणत नाही, त्याने घोडा मागितला घोडा द्यायचा, ससाणा मागितला ससाणा. तो येऊन म्हणेल, "मामा, तोलेगेन काय म्हणत होता हो?"—आणि तुम्ही सांगाल. सांगाल ना? ... बघा. खोटं बोलवतच नाही तुम्हाला. त्यासाठीच तर बोलावलं होतं मी तुम्हाला, आणि आता त्यानेच मरणार.

काम्शात! ... काम्शात, इकडे ये. ... दाराशीच होतीस? ऐकलंस सगळं? ... कुठपासून? ... पलंगाच्या पायांपासून. बरं. मग वेळ वाचला. रडू नकोस. आत्ता नाही. तुझा जाड कोट घाल, आईची शाल घे, पुस्तकं राहू दे—बरं, एक घे. गोठ्यातून मागच्या दाराने जा. बाहेर अक्साकालांचा घोडा बांधलाय, करडा, तो घे. ... हो, पाहुण्याचा घोडा, माहीत आहे मला! पाहुण्याचा घोडा नेण्याइतकं मोठं पाप आमच्यात नाही, ते माझ्या नावावर लाव, तिथे बरीच जागा आहे अजून. फाट्यावर सोडून दे त्याला, आपला आपण घरी जाईल. तिथे दोन्हीकडच्या गाड्या थांबतात. कुठली धरायची ते—नाही! सांगू नकोस. बोलू नकोस. मला कळता कामा नये. मला माहीतच नसलं तर माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही, तुझा बाप काही शूर नाही, दोन बोटं मोडली की सांगून टाकेल. पत्र पाठवू नकोस. निरोप पाठवू नकोस. ... नाही, मी येणार नाही. मी निघालो तर अक्साकालांना इथे कोण थांबवून ठेवणार? ... ये, कपाळ इकडे कर. ... जा. जा म्हटलं ना! मागे बघू नकोस, जा.

बसा, अक्साकाल. ... अहो, बसा. दारात मी उभा आहे आणि मी तुमच्यावर हात टाकणार नाही, म्हणून तुम्हीही मला ढकलू नका, दोघांचीही शोभा होईल. पायी जाणार म्हणता? गुडघाभर चिखल आहे, गाव कुठे आणि तुम्ही कुठे. फाट्यावरच्या गाड्या जाईपर्यंत इथेच बसायचं आपण. नंतर तुम्ही भाच्याकडे जा, सगळं सांगा, एक अक्षर बदलू नका, मी इथेच असेन, चरबी-कलेजी खाल्लेला माणूस पळून कुठे जाणार? ... टापा ऐकू येतात का तुम्हाला? ... मला येताहेत. अजून येताहेत. ... नाही, आता नाही येत.

घ्या, टेका पाठ. गप्प बसवत नाही मला, बोला काहीतरी. तुमच्या बहिणीचं सांगा. कुल्यान ना? त्यांच्याकडे दिली तेव्हा केवढी होती ती? ... एवढीशी. ... आणि जाताना काही म्हणाली होती? ... आठवत नाही. ... तिला कुणी विचारलं होतं का हो, जातेस का म्हणून? ... 

मान खाली घालू नका, अक्साकाल. चहा गार झाला, दुसरा ओततो.